कशावरनं शोधू?

शेडगेकाका माणसाला नाव विचारत नाहीत. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, तो माणूस नाव विचारत नाही म्हटल्यावर कोणालाही वाटेल मी थट्टा करते आहे. पण ते खरं आहे, आणि त्याचा पहिला अनुभव मला चौथीत असताना आला.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. बाबा मिठागरात कामाला. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून पायांना चिरा पडतात, चिरांत मीठ जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी मीठ. त्या साली बाबांचा पाय असा सुजला की चप्पल चढेना. बाबा घरी बसले, आई एकटी टोपल्या वाहायला लागली आणि मी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळायला लागले. पेणला डॉक्टर होते, पण ते आमच्यासाठी नव्हते. आमच्यासाठी रोह्याचा धर्मादाय दवाखाना होता. बाबा आधी एकदा तिथे जाऊन आले होते. या वेळी मला आधाराला घेऊन गेले.

खिडकीपाशी आमची पाळी आली तेव्हा बाबांनी शर्टाच्या खिशातून जुन्या केसपेपरच्या नंबराची चिठ्ठी काढली. घाम आणि खारं पाणी पिऊन तिचा लगदा झाला होता.

"ह्याची तर चटणी झाली," आतला माणूस म्हणाला. "आता कशावरनं शोधू?"

"पाटील," बाबा म्हणाले.

"पाटील नको. पेण-रोह्यात पाटील शोधायचा म्हंजे खाडीत पाणी शोधायचं. दुसरं काय तरी सांगा."

बाबांना वाटलं, हा आपल्याला हाकलतोय. ते तसेच उभे राहिले. आतल्या माणसाने मग गाव विचारलं. मग विचारलं, "मागच्या बारीला आलात तवा काय चाललं होतं? भात का मीठ?"

"मिठाचंच. पण आगर नुकतं बांधायला घेतलं होतं."

"म्हंजे दिवाळी झाल्यावर. डावा पाय का उजवा?"

"तवा डावा होता."

माणूस आत गेला आणि मी भिंतीवरचं जंतांविषयीचं पोस्टर वाचून संपवायच्या आत बाबांचा केसपेपर घेऊन आला. पाय बरा झाला. बाबा अजून गावात सांगतात, "रोह्याला एक माणूस हाय. त्याला नाव नाय सांगायचं. तो पाय बघून वळखतो."

पुढे मी पेणच्या कॉलेजात कंप्युटर घेऊन बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी घेऊन उतरलेलीही पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमची आई ते मिनिडोर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच दवाखान्यात. जुने केसपेपर मशीनमध्ये चढवून झाले होते. ज्या कंपनीने ते काम केलं ती काम करून निघून गेली होती. मशीन सांभाळायला माणूस हवा होता. सहा महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं आणि रेकॉर्डरूममध्ये शेडगेकाकांच्या टेबलाला टेबल लावून बसवलं.

काकांनी मला ओळखलं नाही. मी गाव, आगर आणि डावा पाय सांगितला, तेव्हा लगेच ओळखलं. "तू ती भिंत वाचणारी पोर! बस गो, बस."

काकांचं सगळं जगणंच 'कशावरनं शोधू?' या एका प्रश्नावर बेतलेलं आहे. तुम्ही म्हणालात, "काका, कात्री कुठे आहे?" तर ते कात्री देत नाहीत. आधी विचारतात, "कशाला पायजे?" कागद कापायची कात्री वेगळ्या खणात, दोरा कापायची वेगळ्या. दोन्ही कात्र्या सारख्याच आहेत, एकाच दुकानातल्या. मी हे त्यांच्या नजरेस आणून दिलं.

"कात्री एक असली तरी गरज दोन हाय ना," काका म्हणाले. "माणूस वस्तू शोधत नाय गो. तो गरजेतनं वस्तूकडं येतो. वस्तू त्याच्या वाटेवर ठेवायची."

त्यांच्या मोबाइलमध्ये एकाही माणसाचं नाव नाही. "नळ गळतोय", "दाढ ठणकली", "गॅस संपला", "शेवटची एसटी चुकली" अशा नोंदी आहेत. मी विचारलं, प्लंबरचं नाव का नाही लिहिलं? तर म्हणाले, "मला नाव आठवतं तवा नळ गळत नसतो. आन नळ गळतो तवा नाव आठवत नाय." माझा नंबर त्यांनी "कंप्युटर अडला" म्हणून टाकला होता. मला जरा राग आला. मग विचार केला, मी त्यांना दुसऱ्या कोणत्या वेळी आठवणार होते?

स्वयंपाकघरातही तेच. एकदा मी त्यांच्या घरी आईने दिलेली सुकट पोचवायला गेले होते. फळीवर मोहरीच्या तीन बरण्या. एक पोह्यांच्या फळीवर, एक आमटीच्या फळीवर, एक लोणच्याच्या. प्रत्येक फळीवर डबे ओळीने, फोडणीत जे आधी पडतं ते डावीकडे. "एकच मोहरी तीनदा कशाला?" मी विचारलं. "जागा जास्त जाते," काकांनी कबूल केलं, "पण तेल तापल्यावर मी कधी धावत नाय."

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र लग्नातली. रोह्यातच कोणाचं तरी लग्न होतं आणि मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. काकांना ढीग बघवत नाही. त्यांनी वऱ्हाडातल्या एकेकाला विचारून चपला लावून टाकल्या. मापाने नाही, रंगाने नाही. कोण किती वाजता निघणार, त्यावर. दोनच्या एसटीने जाणारे पुढे, चारच्या गाडीने पेणकडे जाणारे मधे, मुक्कामाला राहणारे मागे भिंतीकडे. दोनच्या एसटीवाल्यांना दोन मिनिटांत चपला मिळाल्या आणि काकांचं फार कौतुक झालं. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा मानपानावरून भांडला आणि तडक घरी निघाला. तो मुक्कामी होता. त्याच्या चपला भिंतीकडे, सगळ्यांच्या मागे. रागाने लाल झालेला तो माणूस अर्धा तास अनवाणी फिरत होता, आणि तेवढ्या वेळात लोकांनी समजूत काढून त्याला पुन्हा जेवायला बसवलं. मुलीचे वडील काकांच्या पाया पडायला आले. काका मात्र खजील झाले होते. "भांडून निघणारे हा रकाना मी धरलाच नव्हता," असं ते मला इतक्या वर्षांनी सांगतानाही चुटपुटत होते.

आता माझ्या अडचणीकडे येते.

आमचं मशीन हळू होतं. हळू म्हणजे कसं? पेशंटने खिडकीत नाव सांगायचं, खिडकीवरच्या सरिताने ते टाइप करून बटण दाबायचं, आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघत राहायचं. पडद्यावर एक गोल चक्र फिरायचं. सरिता पेशंटला म्हणायची, "आजी, बसा तवर. चहा पिऊन या हवं तर." रांग व्हरांडा ओलांडून बाहेरच्या नळापर्यंत जायची. लोक म्हणायचे, कंप्युटर नव्हता तेव्हा बरं होतं, आतला बाबा पटकन काढून द्यायचा. हे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायचे.

ट्रस्टच्या सेक्रेटरी प्रधान मॅडम वाईट बाई नाहीत, पण सरळ बोलतात. त्या म्हणाल्या, "वैशाली, माघी गणपतीपर्यंत हे सुधारलं नाही तर मशीन बंद. पुन्हा कागद. आणि कागदाला शेडगे आहेत, तुझी गरज नाही." त्या गेल्यावर मी आईला फोन केला. पण फोन उचलता उचलता आई शेजारणीला सांगत होती की वैशू मीटिंगमध्ये असते. मग मी फक्त जेवलीस का विचारून फोन ठेवला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मशीनमध्ये माहिती असते ती एका मोठ्या वहीसारखी, आलेला पेशंट खाली-खाली लिहीत गेलेली. तुम्ही एक नाव मागितलं की मशीन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचत जातं. ते आपल्यापेक्षा भरभर वाचतं, पण वही पंचवीस वर्षांची होती. यावर उपाय म्हणजे इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी वेगळी सूची करून ठेवायची, म्हणजे मशीन सूचीत बघतं आणि थेट त्या पानावर जातं. कॉलेजात आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत आठ मार्कांना आलं होतं आणि मला आठ मिळाले होते.

मी आडनावाचा इंडेक्स केला. काहीही फरक पडला नाही. चक्र तसंच फिरत राहिलं.

मी दोन दिवस डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "काय शोधतेस?"

"आडनावाची सूची केली काका, पण मशीन तिच्याकडे बघतसुद्धा नाही."

"आडनावाची?" काकांनी चष्मा काढला. मग ते हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "तुजं आडनाव काय गो?"

"पाटील."

"आन सरिताचं?"

"म्हात्रे."

"आन भायेर नळापाशी हुबी हाय ती सगळी जनता कोण? पाटील, म्हात्रे, ठाकूर. अर्धी वही पाटलांची असली तर मशीन सूची बघंल कशाला? सरळ वहीच वाचंल ना. शहाणं हाय ते. तू पाटलाची पोर असून पाटील शोधाय गेलीस!"

मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. पुस्तकात लिहिलेलं होतं की ज्या रकान्यात तीच तीच किंमत पुन्हा पुन्हा येते त्याची सूची कामाची नसते. पण पुस्तकातल्या उदाहरणात आडनावं वेगवेगळी होती. ते पुस्तक लिहिणारा कधी पेणला उतरला नसावा.

मग काकांनी मला त्यांची खोकी दाखवली. रेकॉर्डरूमच्या मागच्या भिंतीला लाकडी खणांचं कपाट आहे, प्रत्येक खणात जाड कागदाच्या चिठ्ठ्या. केसपेपर नंबरानेच लावलेले, त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. पण नंबर सापडायचा तो या चिठ्ठ्यांवरून. खणावर गावाचं नाव. गावाच्या आत माणसाचं पहिलं नाव. एकाच नावाचे दोन निघाले तर बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. चिठ्ठीवर कोणत्या हंगामात आला आणि काय दुखत होतं तेही, आणि आडनाव कोपऱ्यात, बारीक.

"गाव आधी का?" मी विचारलं.

"कारण माणूस गाव कधी इसरत नाय. म्हातारी आपलं वय इसरते, औषधाचं नाव इसरते, कधी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. पण गाव ठणठणीत सांगते. जे हमखास कळतं ते आधी. क्रम चुकला की खण उघडून काय उपयोग नाय."

मी तसाच इंडेक्स केला. गाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, याच क्रमाने. आणि खिडकीच्या पडद्यावरही पहिला रकाना गावाचा ठेवला. सरिताने एक गाव, एक नाव टाकलं, बटण दाबलं आणि दचकली. "अगो, आलं पण!" तिच्या हातात चहाचा कप होता, तो तिला उभ्यानेच प्यावा लागला.

पण सगळं लगेच सरळ झालं नाही. जित्याचे पेशंट सापडेनात. बघितलं तर कंपनीच्या मुलांनी जिते हे गाव कुठे पहिली वेलांटी, कुठे दुसरी, कुठे "जिते स्टेशन" असं चढवलं होतं. "एका गावाची तीन गावं केलीत," काका म्हणाले, "सरपंच एकच हाय तिथला." मग आम्ही दोघांनी बसून गावांची पक्की यादी केली. काका तोंडाने सांगत होते आणि मी टाइप करत होते. पेणपासून रोह्यापर्यंतचं एकेक गाव, वाडी, पाडा, आणि मधेच, "ह्या गावात चार जनार्दन हायेत, जपून."

यश डोक्यात गेलं की काय होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. मला वाटलं, एका सूचीने एवढं झालं तर सगळ्या रकान्यांच्या सूच्या करू. वय, आजार, डॉक्टर, वार, रक्तगट, सगळ्याच्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शोध वाऱ्यासारखा आणि नवीन पेशंटची नोंद मात्र गोगलगाईसारखी. रांग पुन्हा नळापर्यंत.

काकांना मी सांगितलंही नाही, ते स्वतःच म्हणाले, "किती खोकी केलीस?"

"अकरा."

"मी सात केली होती एकदा. तरुणपणी. एक पेशंट आला की सात चिठ्ठ्या लिवायच्या. पेशंट बरा होऊन घरी जायचा आन माजी पाचवी चिठ्ठी चाललेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, शेडगे, आता तुमचाच केसपेपर काढतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ज्याच्यावरनं कोण शोधत नाय, त्याचं खोकं ठेवायचं नाय गो. मोडून टाक."

मी आठ सूच्या मोडल्या. तीन ठेवल्या. मशीन सुरळीत झालं.

म्हणजे जवळजवळ सुरळीत. दिवसभर छान चालायचं आणि दुपारी साडेतीन वाजले की सगळं ठप्प व्हायचं. पाच-सात मिनिटं कोणत्याही टेबलावर काही हलायचं नाही. सरिताने तर ती चहाची वेळच ठरवून टाकली. "साडेतीन झाले, मी चालले," म्हणून ती उठायची. हे प्रधान मॅडमच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "मी येऊन स्वतः बघणार. माघी गणपतीच्या आदल्या दिवशी, साडेतीनलाच." आणि जाता जाता म्हणाल्या, "हे शेडगेही रोज पावणेचारला गायब होतात. कुठे जातात ते विचार जरा."

कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागला, याची नोंद मशीन ठेवू शकतं. मी ती चालू केली. दोन दिवसांनी उघडून बघितली तर साडेतीनच्या ठोक्याला एकच प्रश्न, दोन्ही दिवशी. केसपेपरवर एक रकाना असतो, "सोबत आलेल्याचं नाव". त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही असे सगळे पेशंट द्या, असा तो प्रश्न होता. तारीख टाकलेली नव्हती. त्यामुळे मशीन पंचवीस वर्षांची वही पहिल्यापासून चाळत बसायचं. आणि प्रश्न विचारला जात होता तो माझ्या शेजारच्या टेबलावरून.

मी खुर्ची वळवली. "काका, तुम्ही रोज साडेतीनला काय शोधता?"

माझ्या आठवणीत काका पहिल्यांदाच गडबडले. "काय नाय. असंच."

"असंच नाही. त्यामुळे सगळा दवाखाना अडतो. सोबत कोणी नसलेले कशाला हवेत तुम्हाला?"

काकांनी टेबलावरची टाचणी उचलली, टाचण्यांच्या डबीत टाकली, दुसरी उचलली. "आधी कागद माज्याकडं यायचे," ते म्हणाले. "दिसभराचे कागद लावता लावता दिसायचं. आता कागद येत नायत. मंग मशीनला इचारतो. यादीच्या तळाला आजचे असतात." घड्याळात पावणेचार होत होते. ते उठले. "चल. दाखवतो."

डोळ्यांच्या ओपीडीबाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकलेले, त्यामुळे तिला सगळं धूसर. मांडीवर औषधांची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. काका तिच्याजवळ जाऊन वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "बाय, जित्याची ना तुमी? चला, गाडीत बसवतो."

"कोण रं तू?"

"दवाखान्यातला."

"दवाखान्यातला, तर मंग थेंब कशाला टाकलेस? काय पण दिसंना झालंय मला."

"मी नाय टाकले, बाय. मी नुसता कागद लावतो."

त्यांनी पिशवी उघडली. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला दोऱ्याची एक गाठ मारली, रात्रीच्या पाकिटाला दोन. म्हातारीची बोटं धरून तिला त्या गाठी चाचपायला लावल्या. एक गाठ उजाडल्यावर, दोन गाठी अंधार पडल्यावर. मग तिचा हात धरून तिच्या चालीने, म्हणजे जवळजवळ न चालल्यासारखं, स्टेशनपर्यंत. मी मागून पिशवी घेऊन. तिला बायकांच्या डब्यात बसवलं, समोरच्या बाईला सांगितलं, "ह्यांना जित्याला उतरवा, पेणच्या पुढं." गाडी सुटेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

परत येताना मी विचारलं, "रोज?"

"रोज नाय. कुणी असला तर. कुणाला एसटीत बसवायचं, कुणाला नुसती चिठ्ठी वाचून दाखवायची. कधी कोणच नसतं, तवा बरं वाटतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "पण तू सांगतेस ते बरोबर हाय. एका माज्यापायी सगळी रांग थांबते. उद्यापासून नाय इचारत."

मी चालता चालता मनात गणित करत होते.

पंचवीस वर्षांची वही वाचायची गरजच नव्हती. काकांना आजचे हवे होते आणि फक्त रिकाम्या रकान्याचे. सगळ्या पेशंटांची सूची करायची नाही. ज्यांच्यासोबत कोणी नाही तेवढ्यांचीच करायची, तारखेवार. इवलीशी सूची. सोबत कोणी असलेला माणूस तिच्यात चढतच नाही, त्यामुळे नोंद करतानाही ती फारशी आड येत नाही. काही नसण्याचीही सूची करता येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ती कोणाला लागत असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. मी ती केली. काकांच्या पडद्यावर त्या प्रश्नाचं एक वेगळं बटणच करून दिलं, तारीख आपोआप आजची, आणि त्यांनी मागितली म्हणून अक्षरं मोठी.

माघी गणपतीच्या आदल्या दिवशी प्रधान मॅडम सव्वातीनलाच आल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी सरिताला बाजूला करून स्वतः पाच-सहा नावं शोधून बघितली. नवीन नोंद करून बघितली. साडेतीन वाजले. मी काकांना मान हलवून सांगितलं, दाबा. त्यांनी बटण दाबलं. खिडकीवर काहीही थांबलं नाही. चक्र फिरलंच नाही. मॅडम आणखी पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून हे येणं म्हणजे काय ते दवाखान्यातल्या लोकांना माहीत आहे.

त्या गेल्यावर मी काकांच्या पडद्याकडे वळले. यादी आलेली होती. सहा नावं. पेणचे दोन, पेणजवळच्या वाशीची एक, एक नागोठण्याचे, एक खाडीकाठचे. सहावं नाव होतं, शेडगे. गाव रोहा. विभाग डोळे, त्याच सकाळी दाखवलेले. मोतीबिंदू, दोन्ही. ऑपरेशनचा सल्ला. सोबत आलेल्याचं नाव, रिकामं.

मी त्यांचे मागचे कागद उघडले. तीन वेळा ऑपरेशनची तारीख दिलेली होती आणि तिन्ही वेळा पुढे ढकललेली. कारण एकच: पेशंटसोबत जबाबदार व्यक्ती नाही. ऑपरेशन झाल्यावर पेशंटला घरी न्यायला कोणी असल्याशिवाय आमच्याकडे घेत नाहीत, तो नियमच आहे. आणि नियमाचा तो कागद लावणारे काका स्वतः.

"तेवढं एक सोड," काका म्हणाले. पडद्याकडे न बघता.

"काका, तुम्हाला नीट दिसत नाही?"

"चिठ्ठ्या दिसतात. मी अक्षर बघत नाय गो, खण हाताला पाठ हायेत. मशीनवर जरा अवघड जातं. तू अक्षरं मोठी करून दिलीस, तवापास्नं बरं हाय."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगायचं कुणाला?" ते सहज म्हणाले, जसं दुसऱ्या कोणाच्या केसपेपरविषयी बोलत असावेत. "फोनात बघितलं मी. नळ गळतोय, गॅस संपला, सगळं हाय. ह्याच्यासाठी काय निघालं नाय."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि त्या रकान्यात माझं नाव टाइप केलं. मशीनने पुढचा प्रश्न विचारला: पेशंटशी नातं. खाली पर्याय होते, पत्नी, पती, मुलगा, मुलगी, शेजारी, इतर.

"खोटं लिवू नको," काका घाईने म्हणाले. "रेकॉर्ड हाय ते. 'इतर' टाक."

"इतर कशाला? टेबलाला टेबल लागून आहे. शेजारी."

काकांनी त्यावर विचार केला. त्यांनी खरोखरच विचार केला, दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीकडे बघून. "व्हय," म्हणाले. "ते बरोबर हाय. टाक."

मी सेव्ह केलं आणि यादी पुन्हा काढली. पाच नावं आली. काका उठले, खिशात दोऱ्याचं रीळ आहे का ते चाचपून बघितलं आणि पाचांतल्या पहिल्याला शोधायला बाहेर गेले.

मशीन राहिलं, मी कायम झाले. माघी गणपती झाल्यावर पुढच्या सोमवारी शेडगेकाकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्याने डाव्याचं. दोन्ही वेळा त्यांना घरी मी नेलं.